नगरचे तात्या आणि आमच्या नाटकातला मुकादम

सदाशिव अमरापूरकर पडद्यावर ओरडायला लागले की मला वैताग यायचा. हिंदीवाल्यांनी त्यांना ओरडायला लावलं, विग चढवले, चित्रविचित्र कोट घातले, दात विचकायला लावले. त्याचे पैसेही चांगले दिले असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नुसतं बसल्या जागी समोरच्याची बोबडी वळवणाऱ्या माणसाकडून आरडाओरडा करून घ्यायचा म्हणजे शर्यतीचा खोंड घाण्याला जुंपायचा झाला.

मी हे प्रेक्षक म्हणून बोलतोच आहे, पण थोडं त्या कामातला माणूस म्हणूनही बोलतोय. पोटासाठी माझं आष्टी तालुक्यातल्या कडा गावात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पण कड्यापासून आत असलेल्या आमच्या गावच्या यात्रेत जे नाटक होतं, त्यात विशीपासून मी खलनायक करत आलो. नाक बसकं, रंग काळा, आवाज घोगरा. गुरुजींनी पहिल्याच तालमीला निकाल देऊन टाकला, "तू हिरो व्हायच्या भानगडीत पडू नको. तुला सावकार." तेव्हापासून सावकार, पाटील, कंत्राटदार, दारूच्या गुत्त्याचा मालक, आणि मुक्तिसंग्रामाच्या नाटकात रझाकारसुद्धा. रझाकार केला त्या साली आमच्या आजीनं मला दोन दिवस नीट जेवायला वाढलं नव्हतं. तिनं खरे बघितले होते.

आमचा आष्टी तालुका बीड जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात. पण आम्हाला बीडपेक्षा नगर जवळ. दवाखाना नगरला, लग्नाचा बस्ता नगरला, ट्रॅक्टरचा पार्ट नगरला, पोरांची कॉलेजं नगरला. 1948 पर्यंत आमच्याकडं निजामाचा अंमल आणि पलीकडं नगरला 1947 पर्यंत इंग्रजांचा. राज्यं वेगळी, पण बाजारहाट एक. 2022 मध्ये नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली तेव्हा गावातली म्हातारी माणसं हात जोडून फलाटावर उभी होती, कारण त्या रेल्वेच्या गप्पा त्यांनी पोरवयात ऐकल्या होत्या. आता नगरचं अहिल्यानगर झालंय, एसटीच्या पाटीवरही तसंच लिहितात, पण कंडक्टर अजून "नगर, नगर, नगर"च ओरडतो. हे सांगायचं कारण एवढंच, की अमरापूरकर आम्हाला परके कधी वाटलेच नाहीत. अमरापूर शेवगाव तालुक्यातलं, आमच्या जिल्ह्याच्या शिवेपासून काही फार लांब नाही. त्यांचं मूळ नाव गणेश नरवोडे. जन्म 11 मे 1950. नगरमध्ये त्यांना सगळे तात्या म्हणायचे. मी कॉलेजला नगरला होतो तेव्हा चहाच्या टपरीवर बसलेला कुणीही माणूस "तात्या काल दिसले" असं अशा थाटात सांगायचा, की जणू तात्यांनी थांबून त्याच्या घरची विचारपूस केली.

आता खलनायकीबद्दल. आमच्या गावात, आणि माझ्या माहितीप्रमाणं आसपासच्या सगळ्याच गावांत, खलनायकाची एक ठरलेली तऱ्हा होती. एंट्रीला आधी विंगेतून हसायचं. हसणं संपत आलं की पाय आपटत यायचं. मिशीवर पीळ, हातात चाबूक किंवा काठी, आणि मग एका दमात पल्लेदार संवाद. शेवटच्या शब्दावर ढोलकीवाला थाप देणार, पुढं बसलेली लहान पोरं दचकणार, एखादं रडणार. पोर रडलं की काम झालं असं आम्ही समजायचो. गुरुजी तर पहिल्या रांगेत मुद्दाम बायाबापड्या आणि लेकरं बसवायचे.

'अर्धसत्य' मी दूरदर्शनवर रात्री उशिरा बघितला. गावात तेव्हा रंगीत टीव्ही एकच, तोही दूध डेअरीच्या चेअरमनच्या ओसरीवर. पिक्चर सुरू झाला तेव्हा ओसरी भरलेली होती. गाणी नाहीत, मारामारी नावापुरती, त्यामुळं तासाभरात निम्मी माणसं पांघरूण गुंडाळून घरी गेली. मी राहिलो, कारण मला तो लुंगीवाला माणूस परत बघायचा होता.

हा पिक्चर 1983 चा. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर म्हणजे ओम पुरी, ज्यांना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वेलणकरचे कडक, हात उगारणारे हवालदार वडील म्हणजे अमरीश पुरी. ज्यांना चारच वर्षांनी सगळा देश मोगॅम्बो म्हणून ओळखणार होता, ते या पिक्चरमध्ये हिरोचे वडील, आणि खलनायक कोण, तर हिंदीत कुणी नावही न ऐकलेला नगरचा एक नाटकवाला.

त्यांचा रामा शेट्टी सबंध पिक्चरमध्ये मोजक्याच प्रवेशांत आहे. पांढरी लुंगी, भोवती चार माणसं. वेलणकर त्याच्या अड्ड्यावर जातो, तेव्हा शेट्टीला घाम फुटत नाही, राग येत नाही, उठून उभं राहायचीही गरज वाटत नाही. तो फोन उचलतो. बस. पुढचं काम वरचे लोक करतात. तोच माणूस नंतर निवडणुकीला उभा राहतो आणि वेलणकरला त्याच्याच बंदोबस्ताला उभं राहावं लागतं. शेवटी कोठडीत हातून माणूस मेल्यावर वेलणकर मदत मागायला शेट्टीच्याच दारात जातो. तिथं अमरापूरकर जे करतात ते मी नंतर व्हिडिओ लावून, मागं घेऊन घेऊन बघितलंय. ते त्याला हाकलत नाहीत, धमकी देत नाहीत. त्यांना मजा येतेय. आपल्या उंबऱ्यावर आलेल्या ताठ माणसाला आत घेताना जो सैलपणा अंगात येतो, तो त्यांच्या खांद्यात दिसतो. मदत करायला तयार आहेत ते, फक्त त्याची किंमत सांगतात. त्या किमतीपायीच वेलणकर त्यांचा गळा आवळतो.

ओसरीवर माझ्याशेजारी आमचे एक चुलते बसले होते, तोंडात तंबाखू. पिक्चर संपल्यावर त्यांनी अंगणात पिंक टाकली आणि म्हणाले, "ह्यो माणूस आपल्याकडं बी हाये." एवढंच. नाव घेतलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या गावात प्रत्येकाच्या मनात एकच नाव आलं असतं.

आमच्याकडं माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती चैत्राच्या आसपास परततात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि कोयत्यामागं मुकादम आगाऊ उचल देतो. लग्न असो, दवाखाना असो, घराचा पत्रा असो, उचल घ्यायची आणि हंगामभर फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाबरोबर. सगळे मुकादम वाईट असतात असं मी म्हणत नाही. कारखाना त्यांनाही कात्रीत धरतो, आणि उचल घेऊन पळून जाणारी टोळीही मी बघितलीय. पण जो खरा पोचलेला मुकादम असतो ना, तो कधी आवाज चढवत नाही. "दादा", "बापू", "माय" लावूनच बोलतो. पोराच्या बारशाला स्वतःहून कपडे आणतो. वही मात्र त्याच्याच जवळ असते.

दोन-तीन वर्षांनी गुरुजींनी ऊसतोडीवर नाटक लिहिलं. मुकादम अर्थात मला. गुरुजींच्या वहीत एंट्रीला लिहिलं होतं, "मुकादम गडगडाटी हसत प्रवेश करतो." मी म्हटलं, गुरुजी, मी आधीपासूनच बाजेवर बसलेलो असतो. पडदा उघडला की मी अडकित्त्यानं सुपारी कातरतोय. गुरुजी म्हणाले, "आन् लोकांना कळणार कसं तू व्हिलन हायेस?" मी म्हटलं, कळंल.

प्रसंग असा होता. तोडणीच्या फडात एका गड्याची बायको गावाकडं बाळंतपणात अडलीय, असा निरोप येतो. गडी मुकादमाकडं रजा मागायला येतो. वहीत माझ्या वाट्याला अर्ध्या पानाचा संवाद होता: तुम्ही माजलात, माझे पैसे बुडवता, वगैरे. तालमीत मी तो सगळा काढून टाकला आणि एवढंच ठेवलं, "आरं जा की लेकरा. कोण आडवतंय? घरची लक्ष्मी हाये. जाताना तेवढा हिशेब करून जा." आणि परत सुपारी कातरायला लागायचं. गड्याचं काम करणारा पोरगा तालमीत म्हणाला, तुम्ही आसं बोलल्यावर मला पुढचं वाक्यच सुचत नाही. गुरुजींनी बराच वेळ वहीकडं बघितलं आणि त्याचं पुढचं वाक्यही खोडून टाकलं.

पण हळू बोलण्याची एक अडचण असते, ती सिनेमावाल्यांना नसते. आमच्या स्टेजवर बांबूला दोरीनं दोन माइक लटकवलेले असायचे. त्यांच्या बरोबर खाली असाल तर आवाज जातो, हातभर बाजूला झालात तर मागच्यांना नुसती तोंडं हललेली दिसतात. माइकाच्या खाली उभं राहून बोललं तर "लाऊडस्पीकरवाल्यानं बसवलाय" असं वाटतं. शेवटी मी बाजच माइकाखाली ओढून घेतली आणि गड्याला सांगितलं की तू माझ्या पायाशी बस, म्हणजे तुझाही आवाज जाईल. नाइलाजानं केलेली ती मांडणी, पण तो पायाशी बसल्यावर सगळा प्रवेशच बदलला. स्टेजवरच्या पुष्कळ गोष्टी अशाच साधतात. कुणी नंतर विचारलं की आम्ही म्हणायचं, हो, विचार करूनच केलंय.

यात्रेच्या रात्री तो प्रवेश सुरू झाला, तेव्हा पाठीमागून एक-दोघांनी "आवाज, आवाज" केलं. मग गप्प झाले. कुणी हसलं नाही, कुठलं पोर रडलं नाही. मी सुपारी कातरत होतो तो कट्-कट् आवाज स्पीकरवर येत होता. दोन प्रवेशांच्या मध्ये बक्षिसं पुकारायची आमच्याकडं पद्धत आहे. त्यात पुकारा झाला, "मुकादमाच्या कामाबद्दल एक्कावन्न रुपये", आणि पुढं ज्याचं नाव आलं तो गावातला खरा, सगळ्यांत मोठा मुकादम. तो पुढच्या रांगेत खुर्चीवर बसला होता. नाटक संपल्यावर मला म्हणाला, "झ्याक केलंस. आसाच आसावा लागतो मुकादम." चेष्टेत म्हणाला का मनापासून, हे मला त्या रात्रीही कळलं नाही आणि अजूनही नाही.

ते एक्कावन्न रुपये म्हणजे रामा शेट्टीची उधारी, असं मी आजवर धरून चाललोय.

अमरापूरकरांना हे आधीपासून येत होतं, कारण ते नाटकातून आले. शाळेपासून नाटक, मग नगरच्या हौशी रंगभूमीवर, स्पर्धांमध्ये, आणि तिथून व्यावसायिक. सिनेमात त्यांचं पहिलं काम 1979 च्या '22 जून 1897' मधलं. चाफेकर बंधूंनी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या, त्यावरचा हा पिक्चर. त्यात ते कोण होते, तर लोकमान्य टिळक. पुढं ज्यांना बघून बाया कडाकडा बोटं मोडणार होत्या, त्यांची सुरुवात टिळकांपासून. मग 'हँड्स अप' हे नाटक जोरात चाललं, ते निहलानींनी बघितलं, आणि रामा शेट्टी मिळाला. त्या कामाबद्दल सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं.

त्यानंतर हिंदीची लाट. 'आखरी रास्ता' 1986 चा, त्यात अमिताभसमोर. 1987 चा 'हुकूमत', त्यात धर्मेंद्रसमोर. 'हुकूमत' मी नगरला थिएटरात बघितला. बाहेर ब्लॅकवाले, आत शिट्ट्या. ती गर्दी मी विसरणार नाही. ज्या माणसाला डेअरीच्या ओसरीवर निम्म्या गावानं सोडून दिलं होतं, त्याच्या मरणाला आता अख्खं थिएटर नाणी फेकत होतं. मग 'एलान-ए-जंग', 'फरिश्ते', आणि बाकी कितीतरी. आमच्याकडं गणपतीत भाड्यानं व्हीसीआर आणायचे, रात्रभरात तीन पिक्चर, वीज गेली तर जनरेटर. कॅसेट आणायला जाणाऱ्याला पोरं बजावून सांगायची, "अमरापूरकरचा आण." हिरो कोण हे नंतर.

मीही त्या पोरांतच होतो, शिट्ट्याही मारल्या. पण रात्री घरी चालत येताना वाटायचं, आज त्यांनी सगळं तोंडानं सांगितलं. मी किती क्रूर आहे, मी किती ताकदवान आहे. रामा शेट्टीला हे सांगावं लागत नव्हतं. यात त्यांचा दोष किती आणि तसल्या पिक्चरांचा किती, हा हिशेब मला मांडता येत नाही. ज्या पिक्चरमध्ये हिरो एका दमात वीस माणसं लोळवतो, तिथं खलनायक बाजेवर बसून सुपारी कातरत राहिला तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. हे मला कळतं. तरीही.

'सडक'बद्दल मात्र वेगळं बोलायला पाहिजे. 1991, महेश भट. कोठा चालवणारी तृतीयपंथी महाराणी. साडी, कुंकू, पुरुषी हात, आणि तो आवाज. फिल्मफेअरनं खलनायकाच्या कामासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, तो पहिल्यांदा मिळाला या भूमिकेला. इथंही आरडाओरडा आहे, हसणं आहे, सगळं आहे. पण ते वरून चिकटवलेलं वाटत नाही. ती बाई स्वतःच स्वतःचं नाटक करत जगतेय आणि मध्येच नाटक सोडून नुसती बघते, त्या बघण्याची भीती वाटते. नट म्हणून मी या कामाला 'अर्धसत्य'च्या खालोखाल ठेवतो.

पण त्याची दुसरी बाजूही मी बघितली. आमच्या आठवडी बाजारात तृतीयपंथी यायचे, दुकानादुकानांतून पैसे मागायचे, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचे. 'सडक' आल्यावर पोरं त्यांच्यामागं "महाराणी, महाराणी" करत फिरायला लागली. आधीही चिडवायचीच, पण आता चिडवण्याला एक नाव मिळालं, आणि नावाबरोबर संशयही. एक जण नेहमी माझ्या थोरल्या भावाच्या दुकानासमोर टेकायची, उन्हाची. तिनं एकदा भावाला विचारलं, "भाऊ, त्यो सिनेमा बघितला का? आमच्यात आसं आसतंय का हो?" भावानं पाणी दिलं, उत्तर त्याच्याकडं नव्हतं. पुढं पुढं ती यायची बंद झाली. कामगिरी थोर होती आणि तिची किंमत भलत्यांनीच मोजली, ही दोन्ही वाक्यं मी एका दमात म्हणतो. त्यातलं एकच म्हटलं तर खोटं वाटतं.

नव्वदनंतर ते विनोदाकडं वळले. 'आंखें', 'कुली नं. 1', 'इश्क'. 'कुली नं. 1' मधला लग्न जुळवणारा पंडित मला आवडतो. कादर खान त्याचा अपमान करतो आणि तो सूड म्हणून त्याच्या पोरीसाठी हमालाला श्रीमंत बनवून आणतो. अपमान झाल्यावरचा त्यांचा चेहरा बघा. तिथं विनोद नाहीये. अपमान गिळून गप्प बसलेला माणूस कसा दिसतो, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दोघी'त आणि 'वास्तुपुरुष'मध्ये ते होते. कुळकायद्यात जमिनी गेलेल्या घराचं दुखणं 'वास्तुपुरुष'मध्ये आहे. आमच्याकडच्या गढ्या ज्यांनी आतून बघितल्यात, त्यांना ते घर ओळखीचं वाटेल. पण ज्या माणसाला यूट्यूबवर शोधलं की आधी महाराणीच येते, त्याची ही कामं बघतो कोण.

2013 ची गोष्ट सांगतो. त्या साली मराठवाड्यात जो दुष्काळ पडला, त्याचं वर्णन करत नाही, ज्यांनी काढला त्यांना माहीत आहे. आमच्या तालुक्यात गावोगाव जनावरांच्या छावण्या होत्या. आमचीही दावण छावणीत होती. वर उसाच्या पाचटाचं छप्पर, खाली जनावरं, त्यांच्यामध्येच आमची बाज. टँकर आला की भांडी घेऊन पळापळ, जनावराला ऊस आणि वाढे, आणि दिवसभर दुसरं काही काम नाही. रंगपंचमीला त्या वर्षी कुणी पाण्याचं नावही काढलं नाही. अशात पेपरात बातमी आली, की मुंबईत होळीच्या वेळी पाणी उधळून नाच चालला होता, अमरापूरकरांनी जाऊन सांगितलं की राज्यात दुष्काळ आहे, हे थांबवा, आणि त्यावरून काही लोकांनी त्यांना मारहाण केली. वय तेव्हा 62.

मी ती बातमी छावणीत मोठ्यानं वाचली. बाजूच्या दावणीवरचे एक म्हातारे ऐकत होते, त्यांनी पुन्हा विचारलं, "कोण? हुकूमतवाला?" म्हटलं हो. "त्याला मारलं? आन् त्यानं मार खाल्ला?" त्यांना ते काही केल्या पटेना. पडद्यावर एवढी माणसं कापलेला माणूस पाण्यासाठी भांडायला जातो आणि मार खाऊन येतो, हे गणित बसत नव्हतं. मग थोडा वेळ गेला आणि म्हणाले, "आपल्यासाठी खाल्ला म्हणायचा." त्यानंतर कुणी काही बोललं नाही, कारण टँकर आला.

ज्यांना नगर माहीत आहे त्यांना या बातमीचं नवल वाटलं नसणार. सामाजिक कृतज्ञता निधी, अंधश्रद्धा निर्मूलन, नगरचं स्नेहालय, अशा कामांत ते कितीतरी वर्षं होते. पुरस्कार घेऊन फोटो काढायला जाणं वेगळं आणि बैठकीला सतरंजीवर बसणं वेगळं. ते दुसऱ्या प्रकारातले होते.

त्याच 2013 मध्ये 'बॉम्बे टॉकीज' आला. दिबाकर बॅनर्जींनी सत्यजित राय यांच्या कथेवरून केलेला त्यातला भाग मी मोबाइलवर बघितला. नवाजुद्दीनला एका शूटिंगमध्ये फुटकळ काम मिळतं, नुसता धक्का लागण्याचं, आणि त्याचा केव्हाच गेलेला नाट्यगुरू समोर येऊन त्याला झापतो. तो गुरू म्हणजे अमरापूरकर. लहान कामाला लहान म्हणणाऱ्याला ते तिथं असं काही खडसावतात, की मला वाटलं आमचे गुरुजीच बोलतायत, फक्त जरा बऱ्या कपड्यांत.

3 नोव्हेंबर 2014 ला मुंबईत ते गेले. फुप्फुसाच्या आजारानं. वय 64. अंत्यसंस्कार नगरलाच झाले. त्या दिवशी टीव्हीवर सगळी चॅनेलं महाराणीच दाखवत होती.

मला विचाराल तर त्यांचं एक काम आधी बघा, आणि ते खलनायकाचं नाही. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये त्यांनी महात्मा फुले केलेत. ती मालिका ज्या पुस्तकावर आहे, ते नेहरूंनी 1942 नंतरच्या तुरुंगवासात नगरच्या भुईकोट किल्ल्यात लिहिलं. म्हणजे नगरमध्ये लिहिलेल्या पुस्तकावरून मालिका आणि त्यात नगरचाच माणूस. सावकार आणि कुळकर्णी शेतकऱ्याला कागदावर कसे गुंडाळतात हे ज्यांनी आयुष्यभर लिहिलं, ते जोतिराव करायला बेनेगलांनी बोलावलं कुणाला, तर रामा शेट्टीला. आणि तिथं ते तसेच आहेत. हळू बोलणारे, घाई नसलेले, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. तोच आवाज, तेच थांबणं, फक्त वही आता दुसऱ्या माणसाच्या हातात आहे. तो भाग यूट्यूबवर सापडतो. गावातल्या नव्या पोरांना मी तालमीआधी आता तोच लावून देतो. यंदा मुकादम करणाऱ्या पोरानं अर्ध्यातच विचारलं, "काका, ह्यात व्हिलन कुठंय?" त्याला म्हटलं, आधी पूर्ण बघ, मग बाजेवर कसं बसायचं ते सांगतो.